पावसाळी सॅडल: मे ते ऑगस्टची मापं

मे महिन्यात पुण्यात भर दुपारी माझ्या खोलीतला हायग्रोमीटर २८ टक्के दाखवत होता. गिटारच्या बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) जाड ई तारेची उंची तेव्हा २.५ मिलिमीटर होती, बारीक ईची १.८. हाताला बसलेली ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आकडा ८४ वर गेला. घरातली दारं फुगून चौकटीत अडकायला लागली आणि गिटारचंही तेच झालं: २.९ आणि २.२. एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरला की मनगट भरून यायचं.

माझ्या गिटारची वरची फळी सॉलिड स्प्रूसची आहे. लाकूड फुगतं ते रेषांना आडवं. फळीच्या कडा चिकटवलेल्या, पसरायला जागा नाही, म्हणून ती मधून वर येते आणि ब्रिजलाही (तारा फळीवर जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) उचलते.

गेल्या पावसाळ्यात मी आहे तेच सॅडल (ब्रिजमध्ये बसणारी, तारा टेकतात ती हाडाची पट्टी) घासून खाली आणलं होतं. दिवाळीपर्यंत मजेत वाजवलं. जानेवारीच्या कोरड्या हवेत फळी बसली आणि तारा फ्रेटवर आपटून झणझणायला लागल्या. घासलेलं हाड परत वाढत नाही. म्हणून यंदा मूळ सॅडल जपून ठेवलं, हाडाची कोरी पट्टी आणली आणि आधी तिच्यातून मूळ सॅडलची हुबेहूब नक्कल केली.

घासण्याआधी मानेचा बाक तपासला. तारा सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार चौदाव्यावर दाबलेली, सातव्यावर तार आणि फ्रेटमधली फट मोजायला फीलर गेज (बाइकचे टॅपेट सेट करायला वापरतात तोच). ०.३५ निघालं. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा आवळल्यावर ०.२ झालं आणि बाराव्या फ्रेटवरची उंची ०.१ ने उतरली. मेच्या मापापर्यंत उरले ०.३. बारावा फ्रेट नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडलच्या मधोमध येतो, त्यामुळे सॅडलवर दुप्पट काढावं लागतं: ०.६.

तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीच्या माथ्यावर काम करतात. इथे उलटं. सॅडलच्या माथ्यावर फ्रेटबोर्डची गोलाई असते, त्याला हात लावायचा नाही. घासायचं ते बूड. काचेवर २२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला, पेन्सिलने रेघ मारली आणि पट्टी अगदी उभी धरून घासत गेलो. टोकांवर नकळत जास्त दाब पडतो, म्हणून दर वीस हातांनी व्हर्नियर लावला. ०.५ ला थांबून शेवटचा ०.१ बारीक पेपरवर काढला. बूड सपाट नसेल तर सॅडलखालच्या पिकअपला (आवाज टिपणाऱ्या सेन्सरला) काही तारा दबक्या ऐकू येतात.

एक गोष्ट मी आधीच पाहून घेतली होती: ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत नाही ना. सरकला असता तर सॅडलचा प्रश्नच नव्हता, ब्रिज सुटत चालला असता आणि गिटार थेट कारागिराकडे गेली असती.

आज, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी: २.५ आणि १.९. केसमध्ये सिलिका जेल आहे, आतली आर्द्रता ५८. मूळ सॅडल पाकिटात, त्यावर 'उन्हाळा' असं लिहिलंय. ऑक्टोबरपासून दर रविवारी माप घेणार. जाड ई २.२ च्या खाली गेली की अदलाबदल.