दोन हमाल आणि माळ्यावरची किल्ली

"काका, दोन हार्डडिस्क रेड झिरोत टाकू, की एकच फास्ट घेऊ?"

वीस वर्षं हा प्रश्न ऐकतोय. पूर्वी लग्नाच्या शूटिंगवाले विचारायचे, मग सिरियलींचे एडिटर विचारू लागले, आता आमच्या गिरगावातली पोरं विचारतात. मी एडिटिंगची मशीनं जुळवून देतो आणि बिघडली की उघडतो. धंदा शिकलो लॅमिंग्टन रोडवर, दुकानांच्या काउंटरला टेकून. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.) गेल्या महिन्यात दादरच्या एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही हेच विचारलं. वर म्हणाले, "एका वाक्यात सांगा." पानात नुकती जिलबी पडली होती, मी "बोलू नंतर" म्हणून वेळ मारून नेली. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एका वाक्यात जमणार नाही.

रेड झिरो म्हणजे दोन डिस्क एकत्र बांधून कॉम्प्युटरला एकच दाखवायची. त्यात फाइलचे तुकडे होतात, समजा ६४ केबीचे, आणि ते आळीपाळीने दोन डिस्कवर पडतात. पहिला हिच्यावर, दुसरा तिच्यावर, तिसरा परत हिच्यावर. याला स्ट्राइप म्हणतात. मोठी फाइल वाचताना दोघी एकदम कामाला लागतात. एक डिस्क सेकंदाला १५० एमबी देत असेल तर जोडी ३०० च्या आसपास जाते. इथपर्यंत दुकानदार सांगतो ते खरं.

पण मशीद बंदरला हमालांचं काम कधी पाहिलंय? ट्रकमधून शंभर गोणी उतरवायच्या असतील तर एकाऐवजी दोन हमाल लावा, ट्रक निम्म्या वेळात रिकामा. आता त्याच दोघांना सांगा, चौथ्या मजल्यावर माळ्यावर एक किल्ली आहे, तेवढी घेऊन या. दोघं गेले म्हणून किल्ली निम्म्या वेळात येते का? जिना तेवढाच आहे. उलट अर्धी किल्ली एकाच्या हातात आणि अर्धी दुसऱ्याच्या हातात असेल, तर जो मागे राहील त्याच्यासाठी खोळंबायचं.

हार्डडिस्कचा जिना दोन टप्प्यांचा असतो. हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, योग्य ट्रॅकवर न्यायचं, हा पहिला. मग तबकडी फिरत फिरत हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत थांबायचं, हा दुसरा. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे मारणारी, तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. म्हणजे सरासरी अर्धा फेरा धरला तर ४.२ मिलिसेकंद नुसतं थांबणं, आणि हेड हलायला वर आठ-नऊ. १०,००० आरपीएमच्या डिस्कला तोच अर्धा फेरा ३ मिलिसेकंदांचा. तुम्ही ७२०० च्या दोन जोडा नाहीतर चार, एकीचीही तबकडी जोरात फिरायला लागत नाही. आणि विंडोज सुरू होणं, सॉफ्टवेअर उघडणं, दुकानाच्या टॅलीत खातं शोधणं, ही सगळी किल्लीची कामं. इथून चिमूटभर, तिथून चिमूटभर, अशी हजारो.

हे मी वाचून शिकलो नाही, पैसे घालवून शिकलो. २००३ साली वेस्टर्न डिजिटलची रॅप्टर आली. तोपर्यंत १०,००० चा वेग म्हणजे सर्व्हरमधल्या स्कझी जोडणीच्या डिस्कचं काम, ही मात्र घरच्या कॉम्प्युटरच्या साध्या साटा केबलवर चालायची. पहिली ३६ जीबीची, मग ७४ ची निघाली. त्या ७४ जीबीच्या पैशात साध्या दोन डिस्क आल्या असत्या, कितीतरी जास्त जागेच्या. तरी घेतली, कारण माझ्याकडे ८० च्या दोन डिस्क आधीच स्ट्राइप करून ठेवलेल्या होत्या आणि मला शहानिशा करायची होती. चाळीतल्या खोलीत स्टॉपवॉच घेऊन बसलो. मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करायला लावली, जोडी सरळ जिंकली. मग मशीन बंद करून चालू केलं, जुना प्रोजेक्ट उघडला, त्यात शेकडो बारीक प्रीव्ह्यू फाइली होत्या. तिथे रॅप्टर पुढे, आणि जोडीला जवळजवळ एकट्या डिस्कएवढाच वेळ. मी परत मोजलं. परत तेच. आवाज मात्र असा की कोणीतरी कॅरमवर सारखा बोर्ड फोडतंय. आई म्हणाली, "त्या डब्यात उंदीर शिरलाय, बघ आधी."

आता त्या जोडीची गोष्ट. ती मी का बांधली होती? मिनी डीव्ही कॅसेटवरची लग्नं एडिट करायला. डीव्हीला लागतं किती, तर सेकंदाला ३.६ एमबी. तासाचे १३ जीबी. त्या काळातली कुठलीही एकटी डिस्क ४०-५० एमबी आरामात द्यायची. म्हणजे बादलीभर पाण्यासाठी मी आगीच्या बंबाचा पाइप आणला होता. शुद्ध हौस. स्क्रीनवर बूट होताना रेडची ओळ झळकली की छाती फुगायची.

२००६ च्या पावसाळ्यात मदरबोर्ड गेला. त्या वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवरचे कपॅसिटर सुमार निघाले होते. डोकी फुगायची, मग चिकट पाणी सुटायचं. माझ्या बोर्डावर सहा फुगलेले. डिस्क दोन्ही ठणठणीत. मी निश्चिंत होतो, दुसऱ्या बोर्डाला लावल्या की झालं. लावल्या. बोर्डाच्या मते त्या दोन कोऱ्या डिस्क होत्या. कारण जोडी कशी बांधली आहे, तुकडा केवढा, आधी कोणती डिस्क, याची नोंद जुन्या बोर्डावरच्या चिपच्या भाषेत होती, आणि नवा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या चिपचा. डिस्क शाबूत, फाइली शाबूत, आणि एकही फाइल अख्खी नाही.

त्यात तीन लग्नं होती. दोघांच्या कॅसेट कपाटात होत्या, पुन्हा कॅप्चर करता येणार होत्या, तासाला तास घालून. तिसऱ्याच्या कॅसेट शूटिंगवाल्याने परत वापरल्या होत्या. तेव्हा सगळेच करायचे. कॅसेट काय फुकट येत नाही. आमच्या मावसबहिणीच्या सप्तपदीवर त्याने नालासोपाऱ्याचा एक साखरपुडा चढवला होता.

तीन आठवडे लॅमिंग्टन रोड पायांखाली घातला. नवा तसा बोर्ड बनायचा बंद झालेला. शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात, जुन्या मालाच्या ढिगात त्याच चिपचा वापरलेला बोर्ड सापडला. दुकानदाराने माझा चेहरा बघूनच भाव लावला असणार. घरी येऊन केबली जुन्याच क्रमाने लावल्या, आणि ती रेडची ओळ परत झळकली. या वेळी छाती फुगली नाही, हात कापत होते. सगळं उतरवून घेतलं आणि त्या दिवशी जोडी सोडवली. मावशीला आजतागायत हे माहीत नाही.

गंमत म्हणजे हा वाद रेडच्या जन्माइतकाच जुना आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी जो निबंध वाचला, त्यात प्रश्न हाच होता. एक मोठी महाग डिस्क घ्यायची की बऱ्याच छोट्या स्वस्त? आयबीएमची ३३८० ही मोठी डिस्क एका बाजूला, आणि पर्सनल कॉम्प्युटरला लागणारी कॉनरची १०० एमबीची डिस्क दुसऱ्या बाजूला. त्यांचं मत स्वस्त डिस्कच्या बाजूने होतं, पण त्यांनी हिशोब लपवला नाही. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते धरलं, तर शंभर डिस्कच्या ताफ्यात पहिली ३०० तासांत जाते. दोन आठवडेसुद्धा नाहीत. म्हणून रेड या नावातला पहिला शब्दच रिडंडंट, म्हणजे राखीव साठा ठेवलेला. त्यांनी पाच पातळ्या सांगितल्या, एक ते पाच. झिरो त्यात नव्हतीच. ती नंतर चिकटली. नावातच सांगितलंय की राखीव किती, तरी आम्ही सगळे वेगाच्या नादात ते वाचत नाही.

मग स्ट्राइप कधीच करू नये? तसं नाही. २००८ च्या सुमारास एका स्टुडिओत अनकम्प्रेस्ड एचडीचं काम आलं. दहा बिट, २५ फ्रेम, सेकंदाला १३८ एमबी, आणि त्यात एक फ्रेमही चुकून चालत नाही. तेव्हाच्या एकट्या डिस्कच्या आवाक्यात ते नव्हतं. शिवाय तबकडीच्या बाहेरच्या कडेला जो वेग मिळतो तो आतल्या ट्रॅकवर जवळजवळ निम्मा होतो, म्हणून भरत आलेली डिस्क आणखी सुस्त. तिथे मी स्वतः चार डिस्क स्ट्राइप करून दिल्या आणि बिनघोर झोपलो, कारण मास्टर टेप कपाटात होती. खऱ्या गोणींचं काम आणि मूळ माल दुसरीकडे सुरक्षित, या दोन्ही गोष्टी जमल्या तर जरूर करा. एकच जमत असेल तर मला फोन करू नका.

आज एकच फास्ट म्हणजे कोणी १०,००० आरपीएम म्हणत नाही, एसएसडी म्हणतो, म्हणजे तबकडी नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क. तिने जिनाच काढून टाकला. हार्डडिस्कला जिथे बारा-तेरा मिलिसेकंद लागायचे तिथे एसएसडीला एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. साटावरची सेकंदाला ५५० एमबी देते, कारण केबलचीच हद्द तेवढी. एनव्हीएमई, म्हणजे केबलशिवाय थेट बोर्डावर बसणारी, साडेतीन हजार, नवी असेल तर सात हजार किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे विंडोज आणि सॉफ्टवेअर कशावर ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही. जुन्या दोन हार्डडिस्कची जोडी किल्लीच्या कामात स्वस्तातल्या साध्या एसएसडीच्याही आसपास फिरकत नाही.

पण स्वस्तातल्या एसएसडीला मी पूर्ण मार्क देणार नाही. डब्यावरचा आकडा पहिल्या काही जीबींचा असतो. तेवढी जागा वेगवान बफर म्हणून राखलेली असते. ती भरली की क्यूएलसी प्रकारच्या, म्हणजे चिपच्या एकेका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या, काही एसएसडी हार्डडिस्कच्याही खाली घसरतात. चार कॅमेऱ्यांचं ३०० जीबी फुटेज ओतायला घ्या, सुरुवातीला कॉपीचा हिरवा आलेख कसा डौलात चालतो आणि मग कसा लोळण घेतो ते दिसेल. अशा वेळी दोन हार्डडिस्कची म्हातारी जोडी ३०० च्या चालीने शेवटपर्यंत चालत राहते. जिच्यावर असं भरपूर लिहायचं आहे त्या एसएसडीत काय आहे ते विचारून घ्या. दुकानदार "सेमच आहे साहेब" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आणि दोन एनव्हीएमई स्ट्राइप करायचं खूळही आलंय. बऱ्याच बोर्डांवर दुसरा स्लॉट प्रोसेसरला थेट जोडलेला नसतो, चिपसेट नावाच्या मधल्या चिपमागून जातो, तिथे रस्ता एकच आणि तोही सगळ्यांचा मिळून. मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा छान येतो, फोटो काढून मित्रांना पाठवता येतो. बाकी काही नाही.

खरी मेख वेगळीच असते, ती सांगून थांबतो. परवा आमच्याच गल्लीतला एक मुलगा आला. टाइमलाइनवर चार कॅमेरे टाकले की अडकतं, आणि घरात ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क पडल्यात, स्ट्राइप करून द्या. मी त्याच्या घरी गेलो. फुटेज होतं १०० मेगाबिटचं, म्हणजे एका कॅमेऱ्याला सेकंदाला साडेबारा एमबी. चार मिळून ५०. टाइमलाइन चालू करून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभरावर, डिस्क ढिम्म बसलेली. एच २६५ चं, म्हणजे घट्ट दाबून लहान केलेलं, फुटेज चार ठिकाणी एकदम उलगडताना प्रोसेसरचा जीव जात होता. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवून दिल्या, अडकणं थांबलं.

"मग त्या दोन हार्डडिस्कचं काय करू?" त्याने विचारलं.

"एकीवर फुटेज ठेव. दुसरीवर त्याचीच कॉपी कर आणि ती डोंबिवलीला मामाकडे नेऊन ठेव."

"म्हणजे स्पीड काहीच नाही वाढणार?"

"नाही."

तो एवढा हिरमुसला की त्याची आई आतून चहा घेऊन आली आणि मलाच विचारायला लागली, फार खर्च सांगितलात का हो?