शनिवार-रविवार अर्धं पान

डिसेंबर सरत आला की घरात डायऱ्या यायला लागतात. एक विमा एजंटाकडून, एक बँकेतून, एक नवऱ्याच्या ऑफिसातून, आणि औषधवाल्यांनी डॉक्टरांना दिलेली नि डॉक्टरांनी आपल्या गळ्यात घातलेली एखादी. सुरुवातीच्या पानांवर रक्तगट, गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर लिहायच्या रेघा. मग सुट्ट्यांची यादी. मग एक जानेवारी. माझा राग आहे तो शनिवार-रविवारवर. आठवड्यातल्या पाच दिवसांना अख्खं पान, आणि या दोघांना मिळून एक. डायरी छापणाऱ्याच्या मते रविवारी काही घडत नाही. त्याच्या घरी रविवारी डोसे कोण घालतं, हे एकदा बघायला पाहिजे.

रोज एक पान ही सोय छापखान्याची आहे, आयुष्याची नाही. पण हे कळायला वय व्हावं लागतं. कॉलेजात असताना मी ते पान रोज काठोकाठ भरायचे. त्या वयात घडत काहीच नसतं आणि लिहायला जागा पुरत नाही. त्या डायऱ्या कपाटात साड्यांखाली आहेत आणि तिथेच बऱ्या आहेत.

लग्नानंतर डायरी गेली भिंतीवर. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं, तेव्हा तिथी, सण नि मुहूर्त घरोघरी पोचावेत एवढाच त्यांचा विचार असेल. बायकांनी त्या चौकटींचं काय केलं ते कुठल्याही जुन्या कॅलेंडरवर बघावं. दूध दीड, दूध नाही, गॅस लावला, बाई आली नाही, बाई आली नाही, इस्त्रीचे कपडे बारा. मुलगा झाल्यावर त्यातच ताप, दात, डोस. संकष्टीच्या चंद्रोदयाशेजारी बारीक अक्षरात ‘१०१, सिरप दिलं’. मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे की हल्ली डायरी लिहिणं होत नाही.

मग अप्पा आजारी पडले. पॅरालिसिसचा झटका, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. दादा, वहिनी आणि मी पाळ्या लावल्या, रात्रीला एक मावशी ठेवल्या. एकाने काय दिलं ते दुसऱ्याला कळावं म्हणून वहिनीने फुलस्केप वहीत पट्टीने उभ्या रेघा मारल्या: वेळ, बीपी, साखर, लघवी, औषध, शेरा. पहिले पाच रकाने डॉक्टरांसाठी होते. शेरा हा रकाना वहिनीने मारला तो रेघ मारायला जागा उरली म्हणून.

पहिले काही दिवस त्यात ‘झोप बरी’, ‘जेवण अर्धं’ एवढंच. मग एका दुपारी वहिनीने लिहिलं, ‘आज आमटीला नावं ठेवली. म्हणजे सुधारतायत.’ दुसऱ्या दिवशी मी त्याखाली लिहिलं, ‘माझ्याही आमटीला.’ मावशी जेमतेम शिकलेल्या, अक्षर मोठं, एकेका शब्दाला थांबत लिहिणाऱ्या. त्यांची एक नोंद अशी होती: ‘रात्री २. आजोबा ऑफिसला निघाले. आज सुट्टी आहे म्हनून सांगितलं. झोपले.’ अप्पांना निवृत्त होऊन तेव्हा किती वर्षं झाली होती! मी किंवा दादा असतो तर त्यांना नीट समजावलं असतं, तारीख सांगितली असती, आणि मग कुणीच झोपलं नसतं. दुसऱ्या रात्रीपासून आम्हीही सुट्टी द्यायला लागलो.

दादाचा शेरा मात्र कायम एकच, ‘ठीक.’ पानामागून पानं ‘ठीक’. एका रविवारी ते ‘ठीक’ जरा लांबलं: ‘ठीक. आज दाढी मी केली. मान हलवत नव्हते.’ माझा भाऊ बँकेत नोकरी केलेला माणूस. त्याने आयुष्यात स्वतःबद्दल लिहिलेलं एवढंच असावं.

आपल्याला काय वाटतं ते त्या वहीत कुणीही लिहिलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता. तरी ती वही उघडली की कोण कधी थकलं होतं, कोण कुणावर चिडलं होतं, ते अक्षरावरून कळतं. साड्यांखालच्या डायऱ्यांत ‘मला वाटतं’ पानोपानी आहे, आणि त्यातलं आता काहीही खरं वाटत नाही.

अप्पा गेले आणि रकाने संपले. लिहायची सवय लागलेली, आणि लिहायला साखर-बीपी नाही. त्या सुमाराला पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल वाचनात आलं. १९८६ साली त्याने आणि सँड्रा बील यांनी तो प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मला त्यातले चार दिवस आवडले. रोज, आयुष्यभर, नेमाने असं कुणी म्हणत नव्हतं. काम झालं की वही मिटायची. मीही तेवढंच लिहिलं आणि मिटली.

सध्या पाच वर्षांची डायरी चालू आहे. एका तारखेचं एक पान, त्यावर एकाखाली एक पाच वर्षांच्या जागा, प्रत्येकीला तीन-चार ओळी. तयार मिळते, पण मी साध्या रजिस्टरवर आखून घेतली आणि शनिवार-रविवारचा हिशेब चुकता केला. हिच्यात अक्कल कमी लागते आणि मजा जास्त येते. मागच्या वर्षी याच दिवशी आंब्याची पेटी आली होती, त्याच्या आदल्या वर्षी याच दिवशी गुडघा धरला होता. त्याखाली आज आंबाही आहे आणि गुडघाही. डॉक्टर ‘कधीपासून दुखतंय?’ विचारतात तेव्हा आता ‘झाले असतील काही महिने’ असं मोघम सांगावं लागत नाही.

अडचण आहे ती डोळ्यांची. तीन ओळींच्या जागेत माझ्या अक्षराची दीडच ओळ बसते. लंडनचा सॅम्युअल पीप्स आठवतो. १६६० पासून तो लघुलिपीत, कुणाला वाचता येऊ नये अशी रोजनिशी लिहीत होता. १६६९ च्या मे महिन्यात दृष्टी जाईल या भीतीने थांबला. यापुढे आपली माणसं साध्या अक्षरात लिहितील, तेव्हा त्यांना आणि जगाला कळलं तरी चालेल एवढंच सांगायचं, असं त्याने शेवटी लिहून ठेवलं. दृष्टी काही गेली नाही. तो पुढे आणखी तीस-पस्तीस वर्षं जगला.

मुलाने मला फोनवर बोलून टाइप करायला शिकवलंय. फोनला मराठी येतं, पण घरचं येत नाही. ‘कढी पातळ झाली’ म्हटलं तर तो ‘कधी पाताळ झाली’ असं उमटवतो. आणि दोन खोल्यांच्या घरात बोलून लिहायचं म्हणजे पीप्ससारखंच, जगाला चालेल तेवढंच. परवा मी कढीचं पुन्हा सावकाश, एकेक शब्द तोडून सांगत होते, तर आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, ‘काही पातळ नव्हती, छान झाली होती.’ फोनने तेही लिहून घेतलं, एकाही चुकीशिवाय.