कौलावरचं 1865

आज ठाण्यात घंटाळीजवळच्या गल्लीत विकायला काढलेला एक जुना बंगला बघून आलो. घ्यायची ऐपत नाही, पण एजंट ओळखीचा, म्हणाला चल.

अंगणात पडलेल्या कौलावर इंग्रजीत 'बासेल मिशन, 1865' असा ठसा. एजंट खूश, "बघ, केवढं जुनं घर!" अरे बाबा, ते मिशनचा मंगळुरातला कौलांचा कारखाना निघाला ते साल! बाकी वेळ त्याचं एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते) आणि रस्त्याची रुंदी.

मागच्या बागेला उंच दगडी भिंत, माथ्यावर बाटल्यांच्या काचा रोवलेल्या. आंबे चोरणाऱ्या पोरांसाठी. (त्यातला एक मीही.) आत फणस, बकुळ, विहिरीवर जाळी.

निघताना मालकीणबाईंनी अनंताची फांदी कापून दिली. "कुंडीतही जगतो हो."

सध्या सातव्या मजल्यावर, ग्रिलमध्ये, पाण्यात ठेवलीये.