नुसतं बसून दमता कशाने?

"वहिनी, गाडी तर दादाने चालवली. तुम्ही नुसत्या बसून दमलात कशाने?" पुण्याहून चिपळूणला सासरी पोचून मी जरा आडवी झाले की दिराचा हा प्रश्न ठरलेला. प्रवासात शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बहुतेकांना तो कुणी ना कुणी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

चालत्या गाडीत नुसतं कुणीच बसत नाही. ब्रेक लागला, वळण आलं, खड्डा आला की मान, पाठ आणि पोटाचे स्नायू तोल सावरायला लागतात. हे चालवणाऱ्यालाही चुकत नाही, पण त्याला सगळं आधी कळलेलं असतं. स्टिअरिंग त्याच्याच हातात, ब्रेकवर पाय त्याचाच. वळण घ्यायच्या आधीच त्याचं शरीर तयार होतं. पाटणवरून पुढे हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो की यांच्याकडे बघा: डोकं वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं. माझं बाहेर फेकलं जातं. अभ्यासकांनी हा फरक मोजलेला आहे. मला वळण कळतं ते हिसका बसल्यावर, आणि घाटाच्या पायथ्याच्या पोफळी गावापर्यंत ते असंच उशिरा कळत राहतं. मान आखडेल नाहीतर काय!

त्यात माझा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असतो, जो तिथे नाहीच. समोरून एसटी आली की दाबते, ट्रकला ओव्हरटेक करताना दाबते. यांना हसू येतं, पण पोटरी माझी दुखते.

गाडी लागण्याचं म्हणाल तर तेही याच्याच जवळचं. कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. ते सांगतं, आपण हलतोय. डोळे मोबाइलमध्ये असले तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत. बारीक थरथर फारशी बाधत नाही. मळमळायला लावते ती संथ डोलणारी हालचाल, दोन ते दहा सेकंदांत एकदा अशी. घाटातल्या वळणांना आणि हायवेवरच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या खेळाला नेमकी तीच लय असते. बारीक थरथरीचा त्रास वेगळा. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा वेळांच्या कंपनाला सगळ्यात जास्त साथ देतं, आणि खराब रस्त्यावर तसलीच कंपनं सीटमधून वर येतात. अंग आंबतं ते त्याने.

आणि ओकारी नाही झाली म्हणजे गाडी बाधली नाही, असंही नाही. १९७६ मध्ये ग्रेबिएल आणि नेप्टन या अमेरिकन संशोधकांनी लिहून ठेवलंय की हालचालीने काहींना नुसतीच गुंगी येते, जांभया येतात, कशात मन लागत नाही. त्याला त्यांनी सोपाइट सिंड्रोम म्हटलं. आमच्याकडे त्याला "वहिनी बसल्या की झोपतात" म्हणतात.

एसीचं ते आतल्या आत हवा फिरवणारं बटणही बघत जा. चौघं माणसं, काचा बंद, बटण दाबलेलं. थोड्याच वेळात आतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट होतो. डोकं जड होतं. लांबच्या प्रवासात ते बटण मी बंद करायला लावते, धूळ आली तरी चालेल.

बसण्याखेरीजची कामंही मोजा की. मॅप वाचायचा, टोलला फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना बघायचं, मागच्या पोरांची भांडणं सोडवायची, चिवड्याचा डबा मागे द्यायचा, आणि चालवणाऱ्याला डुलकी येऊ नये म्हणून बोलत राहायचं. तेही स्वतःला झोप येत असताना.

चालवणारा दमत नाही, असं मी म्हणत नाही. त्याची नजर तासन्‌तास रस्त्यावर खिळलेली असते. पण त्याच्या दमण्याला मान आहे: पोचल्यावर पहिला चहा त्याला. माझ्या दमण्याला नवल. खरं तर पाच-सहा तास पाय एकाच कोनात लोंबकळत ठेवले की रक्त खाली साचून घोटे सुजतात. त्याला कोण बसलंय काय, चालवतंय काय!

हल्ली मी पुढेच बसते, मोबाइल पर्समध्ये टाकते आणि चालवणाऱ्याइतकीच लांबवर नजर ठेवते. उंब्रजला उतरून दहा मिनिटं चालते. चहा नको असला तरी. घाट लागायच्या आधी यांना सांगून ठेवते की वळणाच्या आधी ब्रेक लावा, वळणात नको. बाकी राहतो तो दीर, त्याला एकदा मागच्या सीटवर मधे बसवून कुंभार्ली उतरवायचा आहे.