बाळंतिणीच्या घरच्या सहा भेटी – आशा म्हणून माझा अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, ११ वर्षं झाली. एचबीएनसी म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाला तपासायचं काम, ते मला कसं जमलं ते लिहितेय, कारण नवीन लागलेल्या पोरी नेहमी विचारतात की ताई पहिल्या बाळाला हात लावायची भीती नाही वाटली का. वाटली ना, खूप वाटली.

ट्रेनिंग तालुक्याला होतं, ५-५ दिवसांच्या ४ फेऱ्या. बाहुलीवर सगळं शिकवलं, झोळीत ठेवून वजन कसं घ्यायचं, काखेत थर्मामीटर कसा धरायचा, पूर्ण १ मिनिट श्वास मोजायचे आणि ६० किंवा जास्त आले तर परत मोजायचे. तिथेच कळलं की हे आपल्याच विदर्भात सुरू झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून हे केलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशांकडे हे काम आलं. त्या बाया ५ वी ते १० वी शिकलेल्या होत्या. मी पण १० वीच, म्हणून मला फार धीर आला.

पण एक मोठा फरक आहे. तिथल्या आरोग्यदूत, म्हणजे त्या शिकवलेल्या बाया, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायच्या, आमच्याकडे ते नाही, आम्ही ओळखायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. म्हणजे घरच्यांनी ऐकलं आणि गाडी मिळाली तरच उपयोग.

माझं पहिलं अवघड बाळ असंच. गावातली लेक माहेरी बाळंतपणाला आलेली, डिलिव्हरी ग्रामीण रुग्णालयात, बाळ २ किलो १०० ग्रॅम. तिची नोंद सासरच्या गावात, तिथल्या आशाला वाटलं ती माहेरी आहे म्हणजे तिकडची बघेल, माझ्या यादीत तर नावच नाही. भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, मला अंगणवाडीताईंकडून कळलं तेच चौथ्या दिवशी. तशीच गेले तर आजी दारातच म्हणाल्या, पाचवी व्हायचीय अजून, बाहेरचं कोणी आत नको. मी म्हटलं आजी, साबणानं हात धुते, तुम्हीच पाणी घाला, आणि तुमच्यासमोरच बघते. त्यांनी स्वतः तांब्यानं पाणी घातलं हातावर. त्या दिवशी सगळं ठीक होतं, फक्त बाळाला रोज आंघोळ घालत होते ती थांबवायला सांगितली, एवढ्या कमी वजनाचं बाळ लगेच गार पडतं.

सातव्या दिवशी गेले तर ती पोरगी म्हणाली, ताई काल चांगलं पीत होतं, आज तोंडातच घेत नाही. रडणं पण बारीक, पाय थंड, काखेत ३५.४ सेल्सिअस, म्हणजे बाळ गार पडलेलं. ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं वाक्य आठवलं, आधी प्यायचं आता पीत नाही, आधी जोरात रडायचं आता आवाज बारीक. बाळाला टोपी घातली, आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून साडी गुंडाळली आणि सरकारी ॲम्ब्युलन्सच्या १०२ नंबरला फोन केला, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. आजी अंगारा लावू म्हणत होत्या. मी म्हटलं लावा, पण गाडीत बसून लावा. शेजारच्या पोराची ऑटो काढली, २२ किलोमीटर, सगळ्या रस्त्यात माझा हात बाळाच्या पायावर. एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, ९ दिवस राहिलं. आता शाळेत पाचवीत आहे.

त्यानंतर मला फॉर्मपेक्षा तिसऱ्या दिवसाची काळजी जास्त वाटायला लागली. एका मीटिंगमध्ये तर सांगितलं गेलं की भेट झाली नसली तरी तारखा टाकून द्या, रिपोर्ट अपुरा दिसतो. मी नाही टाकल्या, कारण खोटी तारीख टाकली की ते बाळ कुणीच बघितलं नाही हे कुणालाच कळणार नाही. एका बाळाच्या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये मिळतात, ते पण एकदा ७ महिने थकले होते, त्याचं वाईट वाटतंच, घर आम्हालाही चालवायचं असतं.

आम्ही आसपासच्या गावांतल्या १४ आशांनी मग व्हॉट्सॲपवर ठरवून टाकलं, लेक माहेरी निघाली की त्याच दिवशी तिकडच्या आशाला फोन करायचा, कितवा महिना, तारीख काय, आधीचं बाळंतपण कसं झालं, सगळं सांगायचं. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना आवडलं, त्यांनी त्यांच्या बाकीच्या गावांत पण सुरू करायला लावलं. हे कुठल्या जीआरमध्ये नाही, पण माहेरची बाळं आता सुटत नाहीत.

परवा असाच फोन आला शेजारच्या गावातून. तिसऱ्या दिवशी सकाळी ८ ला मी त्या घरी होते, २ किलो ९००, पोटभर पिऊन झोपलेलं.