बोटीवरून अर्धा दिवस गोवा

आमची क्रूझ सकाळी मुरगावला लागली. बोटीवाल्यांची बससहल मी आधीच नाकारली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांना गाईडच्या झेंड्यामागून धावणं झेपलं नसतं, म्हणून स्वतंत्र गाडी ठरवली.

कुठाळीला, झुआरीच्या पुलाआधी, ड्रायव्हरदादांनी सांगितलं की मंगेशाचं मूळ स्थान हेच. १५६० साली देव नदीपलीकडे प्रियोळला हलवला. सासूबाईंनी चालत्या गाडीतच हात जोडले. "मग आधी तिकडेच घ्या हो!"

प्रियोळच्या मंगेशी देवळात, सात मजली दीपस्तंभाखाली, त्या एवढ्या रमल्या की मीच सारखी घड्याळ बघत होते. पुढे जुन्या गोव्यात बॉम जेझूस. १६०५ सालचं हे चर्च बाहेरून गिलावा नसलेलं, उघड्या जांभ्याचं. सासूबाईंनी चिऱ्यावरून हात फिरवला, खरखरीत भोकांत बोट घातलं आणि निकाल दिला, "आमच्या राजापूरच्या घराचाच दगड!" आत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी उंचावर आहे; त्यांना ती नीट दिसलीच नाही. चिऱ्याचं कौतुक मात्र जेवणापर्यंत चाललं.

पणजीतली जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती, फोंतेन्हास, बघायची राहू दिली. आपल्या गाडीने गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही, त्यामुळे परतीला तासभर जास्तीचा धरावाच. वास्कोच्या ट्रॅफिकने त्यातला बराचसा खाल्ला.