कडबनवाडीचा माळ: लांडगा बघायचा तर आधी मेंढरं शोधा

डिसेंबरमधल्या शनिवारी पहाटे साडेतीनला पुणं सोडलं. सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण १०० किलोमीटर, तिथून आत इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीकडे. भिगवणला चहात अर्धा तास घालवला आणि तोच नडला. माळावर पोचलो तोवर ऊन वर आलेलं. चिंकारे दिसले, गवताला लागून उडणारा एक भोवत्या (शिकारी पक्षी) दिसला, लांडगा नाही. वनविभागाच्या गवताळ सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं. सोबत गावातलाच गाईड असतो. सकाळ घ्याल तर चहा थर्मासमध्ये न्या.

त्या फेरीत एक खोकड मात्र निवांत पाहायला मिळालं. मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचं टोक काळं, बिळाच्या तोंडाशी डोळे किलकिले करून ऊन खात बसलेलं. गाईड म्हणाला, हे उंदीर आणि किडे खातं, बोरंही सोडत नाही. पुष्कळ लोक याला कोल्हा म्हणून फोटो टाकतात. कोल्हा अंगाने मोठा, आणि आता तर तो उसातही राहतो.

दुपारच्या फेरीत गाईडने वेगळंच सुरू केलं. भेटेल त्याला एकच प्रश्न: "मेंढरं कुठल्या अंगाला हायेत?" या माळावर लांडगा धनगरांच्या कळपाच्या आसपास राहतो. चिंकाऱ्यामागे धावण्यापेक्षा चुकार कोकरू सोपं.

साडेपाचच्या सुमारास कळपातली कुत्री एकाच दिशेला तोंड करून भुंकायला लागली. तिकडे बघितलं तर वाळकं गवत आणि एक ढेकूळ. ढेकळाचा कान हलला. मग तो उठला, आमच्याकडे मान वळवून बघितलं आणि दुडक्या चालीने निघाला. त्याच्यामागून दुसरा. वाळक्या गवतातून काढल्यासारखा रंग, लांब पाय, पोट आत गेलेलं. मिनिटभरात दोघेही माळात विरले.

धनगरांच्या वाड्यावर एक आजी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ठोकत होत्या. "परवा करडू न्हेलं. पंचनाम्याला दाखवायला काय तरी उरावं लागतं ना, ह्यो समदं उचलून न्हेतो." राग होता, पण पुढे लगेच म्हणाल्या, "त्याचं बी पॉट हाय."

जाणाऱ्यांसाठी: गाडी वाटेवरून खाली उतरवू नका. पिल्लांचा हंगाम हिवाळ्यात असतो, त्यामुळे लांडग्याचं बीळ दाखवतो म्हणून कुणी बोलावलं तर नाही म्हणा. माणसांचा राबता वाढला की मादी पिल्लं हलवते. फोटोसोबत नेमकी जागा टाकू नका. उरलेली पोळी-भाजी माळावर फेकणं तर सगळ्यात वाईट. त्यावर भटकी कुत्री जमतात, त्यांच्याकडून लांडग्यांना डिस्टेंपरसारखे रोग जातात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकरही सापडला आहे. शुद्ध लांडगा बघायला जायचं आणि डब्याने त्याचं वाटोळं करायचं, हे काही खरं नाही.

दुर्बीण हवीच, मोबाईलमध्ये लांडगा म्हणजे तपकिरी ठिपका. पहाटे थंडी बोचते, दुपारी टोपी लागते. आणि लोकरीचे मोजे घालू नका. कुसळं त्यात शिरतात ती धुतल्यावरही निघत नाहीत. माझ्या डाव्या मोज्यात अजून आहेत.